सूर्यघड्याळाचे टाइमलॅप्स चित्रण (बेळगाव सीमाभाग)

उघड्यावर मांडलेल्या सूर्यघड्याळाची किंवा नुसत्या शंकूची (सावली मोजण्यासाठी उभ्या रोवलेल्या काठीची) सरकती सावली ठरावीक अंतराने टिपून ती वेगाने दाखवण्याची रीत. सकाळी ७ ते सायंकाळी ५ दर ३० सेकंदांना एक फ्रेम घेतली, तर १,२०० फ्रेम होतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्यास अख्खा दिवस ५० सेकंदांत उरकतो.

शंकू रोवून त्याच्याच उंचीच्या दोरीने वर्तुळ आखावे, सावलीचे टोक वर्तुळाला लागते ते सकाळचे व दुपारचे बिंदू जोडून पूर्व-पश्चिम रेषा घ्यावी, अशी कृती कात्यायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मापन-आखणीच्या प्राचीन ग्रंथात, आहे. सूत्राचा काळ इ. स. पू. चौथे ते दुसरे शतक असा सैलच धरावा लागतो. भारतीय छायागणित बाबिलोनकडून आले, असे काही पाश्चात्त्य अभ्यासक मानतात. छायेच्या कोष्टकांपुरते ते संभवते. दिशासाधनाची ही कृती मात्र वेदीच्या आखणीतून निघालेली दिसते. पुढे ज्योतिषग्रंथांत शंकू १२ अंगुळांचा ठरला. बेळगावच्या १५° ५१' अक्षांशावर त्याची पलभा, म्हणजे विषुवदिनाची (दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसाची) मध्यान्हछाया, सुमारे ३ अंगुळे २४ व्यंगुळे येते (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग).

बेळगावचा रेखांश ७४.५°, प्रमाणवेळेचा ८२.५°, आठ अंशांची ३२ मिनिटे होतात. त्यामुळे येथे मध्यान्ह सरासरी १२.३२ ला होते. फेब्रुवारीच्या मध्यास १२.४६, नोव्हेंबरच्या आरंभी १२.१६. मनगटावर बारा वाजले म्हणून तबकडी फिरवणारे हौशी लोक भेटतात. ती फिरवू नये.

आडव्या तबकडीवर सावली एका चालीने जात नाही. या अक्षांशावर मध्यान्हानंतरच्या पहिल्या तासात ती जेमतेम ४° सरकते, सौर वेळेच्या (मध्यान्हाला बारा धरून) पाच ते सहाच्या दरम्यान मात्र ४४°. चित्रफितीत ती दुपारभर पेंगते आणि सांजेला धावत सुटते. समगती हवी तर तबकडी विषुववृत्ताला समांतर बसवावी. मग तासाला नेमके १५° मिळतात. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने ३० सेंमी शंकूच्या टोकाची कड भर दुपारीही सुमारे ३ मिमी पुसट असते.

मोबाइलचा फोकस व एक्स्पोजर लॉक करावे, नाहीतर ढगागणिक चित्र लुकलुकते. हिवाळ्यात तिपाई उत्तरेला ठेवावी. तिची स्वतःची सावली तबकडीवर येत नाही.

शून्यसावली, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होणे, बेळगावात ४ मेच्या आसपास, अथणीला सुमारे तीन दिवसांनी. तेव्हापासून ९ ऑगस्टच्या सुमारापर्यंत मध्यान्हछाया दक्षिणेकडे पडते, म्हणून फ्रेममध्ये त्या बाजूला जागा सोडावी. ऑगस्टची शून्यसावली खानापूरकडे बहुधा पावसातच जाते.