ब्रेक ऑइलमध्ये मुरणारं पाणी

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे बाराशे मीटर खाली येते. माणसं-सामान धरून गाडीचं वजन चौदाशे किलो असेल, तर या एका उतरणीत जिरवावी लागणारी ऊर्जा सहा लिटर पाण्याची पार वाफ करायला पुरेल एवढी असते. त्यातला काही वाटा हवेचा रोध, टायर आणि इंजिन उचलतात. उरलेला सगळा ब्रेकवर येतो आणि त्याची निव्वळ उष्णता होते. चाकाबरोबर फिरणारी डिस्क तापते, तिला चिमटीत धरणारे पॅड तापतात, पॅडमागचा पिस्टन तापतो आणि त्या पिस्टनच्या पाठीला लागून असतं ब्रेक ऑइल.

या द्रवाचं काम दिसायला साधं आहे. तुम्ही पेडल दाबलं की त्याला जोडलेल्या मुख्य नळकांड्यात, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये, दाब तयार होतो आणि पास्कलच्या नियमानुसार तोच दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोचतो. द्रव दाबून आकुंचन पावत नाही, या एका गुणावर सगळा कारभार उभा आहे. सुई नसलेली सिरिंज पाण्याने भरून तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबून पाहा, तो हलणार नाही. आत हवा ठेवून दाबलात तर सहज आत जाईल. ब्रेकच्या नळीत वाफेचे बुडबुडे झाले की हेच होतं: पेडल तळाला टेकतं, पायातला जोर बुडबुडे दाबण्यात संपतो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

आता ही वाफ येते कुठून? नेहमीचं ब्रेक ऑइल हे ग्लायकॉल ईथर गटातल्या रसायनांचं मिश्रण असतं आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून आणि चाकाजवळच्या रबरी नळ्यांच्या भिंतींतून पाणी रेणू-रेणूने आत येत राहतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर त्याला भरपूर वाव. ब्रेक ऑइलचे प्रकार ‘डॉट’ आणि आकड्याने ओळखतात. नियमानुसार नव्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि डॉट ४ चा २३०. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते.

चार टक्क्यांहूनही कमी पाण्याने एवढा फरक का पडावा? कारण ही टक्केवारी वजनाची आहे. पाण्याचा रेणू ग्लायकॉल ईथरच्या रेणूच्या मानाने फार हलका, साधारण नवव्या हिश्शाचा. वजनाऐवजी रेणू मोजले, तर अशा द्रवात जवळपास दर चार रेणूंमागे एक पाण्याचा निघतो. शिवाय वाफ होऊन पळून जाण्याची घाई त्यालाच जास्त.

मग पाणी न शोषणारा द्रवच का वापरू नये? तसा आहे, सिलिकॉनवर आधारलेला डॉट ५. पण झाकणातून किंवा नळीतून आलेलं पाणी त्यात मिसळत नाही, ते थेंबाथेंबाने सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे नेमकं तापणाऱ्या कॅलिपरपाशी (पिस्टन आणि पॅड ज्यात बसवलेले असतात तो भाग) जमू शकतं. तिथे ते १०० अंशांच्या आसपासच उकळतं आणि धातूला गंज चढवतं. म्हणून ओल सगळीकडे पसरवून सामावून घेणारा द्रव आपल्या घरच्या गाडीसाठी मला शहाणपणाची निवड वाटतो. डॉट ५.१ मात्र पुन्हा ग्लायकॉलच्या घराण्यातला. नावातल्या सारखेपणावर जाऊन डॉट ५ आणि डॉट ५.१ एकमेकांत कधीही मिसळू नका. टाकीच्या झाकणावर जो प्रकार छापलाय तोच भरा.

ही ओल डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ऑइल बदलायचं ते कॅलेंडर बघून. बहुतेक मॅन्युअलमध्ये दोन वर्षांची मुदत असते, काहींत तीन. गाडी दारातच उभी असली तरी ओल मुरायची थांबत नाही. रंग काळपट झाला की बदलू, हा हिशोब चुकीचा आहे, कारण स्वच्छ पिवळसर दिसणाऱ्या द्रवातही पाणी असू शकतं.

पातळीचं प्रकरण वेगळं. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागे जास्त द्रव मावतो आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे ती खूण पॅड झिजल्याची असते, नाहीतर गळतीची. नुसतं ऑइल ओतून ती खूण पुसू नका, आधी पॅड तपासून घ्या.

गॅरेजमध्ये एका गोष्टीवर आग्रह धरा. टाकीतलं जुनं ऑइल ओढून काढून नवं ओतलं, म्हणजे बदललं असं होत नाही. हा द्रव इंजिन ऑइलसारखा फिरत नसतो, नळीत जरासा पुढेमागे सरकतो एवढंच. सर्वांत जास्त तापणारं ऑइल चाकाशी आहे तिथेच राहतं. प्रत्येक चाकाच्या ब्लीडिंग निपलमधून, म्हणजे द्रव बाहेर काढायच्या छोट्या तोटीतून, स्वच्छ द्रव येईपर्यंत जुनं बाहेर काढायला हवं. काही एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाड्यांत त्यासाठी गाडीच्या संगणकाला स्कॅनरही जोडावा लागतो. बाटली तुमच्यासमोर सील फोडलेली हवी, कारण अर्धी वापरून ठेवलेली बाटलीही ओल पीतच असते. इंजिन ऑइल चुकूनही यात जाऊ देऊ नका, ब्रेकमधले रबरी सील त्याने फुगून निकामी होतात. आणि बॉनेटवर किंवा मडगार्डवर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग सोलून काढतं.

घाटात पेडल अचानक मऊ लागलं, तर ते भराभर दाबत-सोडत राहा, गिअर एकेक करत खाली आणा, केबलवर चालणारा हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी कडेला घ्या. बुडबुडे गाडी थांबल्यानंतरही होऊ शकतात. चाकांना वारा लागायचा बंद होतो आणि डिस्कमधली उष्णता कॅलिपरकडे सरकते, म्हणून चहाला थांबून पुन्हा निघताना आधी जागेवरच पेडल दाबून पाहा. अर्ध्या-एक तासाने वाफ निवते, पेडल पूर्वीसारखं घट्ट लागतं आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. पण वाफेचं पुन्हा पाणीच झालेलं असतं आणि ते ब्रेकमध्येच असतं. उरलेली उतरण खालच्या गिअरमध्ये सावकाश संपवून गाडी थेट गॅरेजला न्या.