तिबेटी मॅस्टिफ

तिबेटचे पठार व लगतच्या हिमालयीन प्रदेशातील राखणदार कुत्र्यांची महाकाय जात. भटक्या पशुपालकांचे तंबू व कळप, तसेच मठ यांची राखण हे तिचे परंपरागत काम. कुत्रा दिवसा साखळीला आणि रात्री मोकळा, अशी रीत. गळ्यात याकच्या केसांचा, लाल रंगवलेला झुपकेदार पट्टा.

उगमाविषयी एकमत नाही. यूरोपातील सर्व मॅस्टिफ जाती हिच्यापासून निघाल्या, हे जुन्या श्वानग्रंथांतील मत ठोस पुराव्याअभावी आता मागे पडले आहे. मार्को पोलोने १३ व्या शतकात वर्णिलेले गाढवाएवढे कुत्रे हेच असावेत. आकार मात्र प्रवाशाच्या अतिशयोक्तीत जमा करावा. २००८ मधील एका चिनी अभ्यासाने तंतुकणिकेतील (मायटोकाँड्रियातील, फक्त आईकडून येणाऱ्या) डीएनएवरून हा मातृवंश सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी लांडग्यांपासून वेगळा झाल्याचा अंदाज मांडला. परंतु वंश वेगळा होणे म्हणजे जात घडणे नव्हे, त्यामुळे या आकड्यावरून जातीचे वय काढणे योग्य नाही. अधिक भक्कम आहे तो विरळ हवेशी जुळवून घेण्याचा पुरावा : ईपीएएस १ या जनुकाचे विशिष्ट रूप आणि ऑक्सिजन अधिक घट्ट धरणारे हीमोग्लोबिन या कुत्र्यांना तिबेटी लांडग्यांशी झालेल्या संकरातून मिळाले असावे. १८४७ मध्ये भारताचे गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी असा एक कुत्रा राणी व्हिक्टोरियाला पाठविला. पाश्चात्त्य पैदास मात्र मुख्यतः १९७० च्या दशकात नेपाळमधून अमेरिकेत गेलेल्या कुत्र्यांची.

नराची उंची किमान ६६ सेंमी., मादीची ६१ सेंमी. रंग बहुधा काळा, भुवयांवर व पायांवर तांबूस ठिपके. मानेभोवती आयाळ, शेपटी पाठीवर वळलेली. मादी दोन-तीन वर्षांत, नर चार वर्षांनंतर पूर्ण भरतो. मादी माजावर बहुधा वर्षातून एकदाच, शरद ऋतूत येते.

आतली लोकर वर्षातून एकदा गळते. तेव्हा रोज विंचरावे लागते. मैदानी उन्हाळा या जातीला मानवत नाही. पिलांना वरून कॅल्शियम देण्याची आपल्याकडील हौस सांध्यांना अपायकारक ठरते. परक्या माणसांची सवय पिलूपणीच लावावी. रात्रभर भुंकणे हा स्वभावच असल्याने सदनिकेत ही जात पाळू नये. खुब्याच्या सांध्यातील दोष व अवटू (थायरॉइड) ग्रंथीची मंदता आढळते.

२०१० च्या सुमारास चीनमध्ये ही जात श्रीमंतीचे लक्षण ठरून किंमती अफाट चढल्या. बाजार कोसळल्यावर सोडून दिलेल्या कुत्र्यांचे कळप छिंगहाई-तिबेट पठारावर गुराढोरांना व माणसांना उपद्रव देऊ लागले.