गिअरबॉक्सचं ऑइल गळतंय? आधी जागा शोधू, मग पार्ट बदलू

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी खाली गेली असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय. म्हणून ‘थोडं टॉप-अप करून द्या’ असं सांगणाऱ्या ग्राहकालाही आम्ही आधी गाडी लिफ्टवर घेऊ द्या म्हणतो.

त्याआधी घरी एक गोष्ट करा. सोसायटीच्या पार्किंगमधला डाग आदल्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्याच गाडीचा असू शकतो. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा, गाडीची पुढची बाजू कुठली ते त्यावर लिहा आणि सकाळी फोटो काढा. एसीचं पाणी पडलं असेल तर ते सुकून जाईल, ऑइल सुकत नाही. एटीएफ बहुधा लाल असतं आणि जुनं झालं की तपकिरी होतं. करपल्यासारखा वास आला तर आतल्या क्लच प्लेट तापल्या असण्याची शक्यता आहे, तेव्हा गाडी दाखवायला उशीर करू नका. कूलंट हिरवा किंवा गुलाबी, पाण्यासारखा पातळ आणि वासाला गोडसर असतो. मात्र नुसत्या रंगावर निर्णय घेऊ नका. काही सीव्हीटीचं (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल लाल नसतं, आणि जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्येही लाल ऑइल असतं. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रणा स्वतः बदलते अशा गाडीचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो, त्यात साधं गिअर ऑइल असतं. त्यामुळे फोन करताना गाडीचं मॉडेल नक्की सांगा.

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असेल, असं नाही. गाडी धावताना वाऱ्याने ऑइल मागे ढकललं जातं आणि खाली ओघळत एखाद्या बोल्टवरून टपकतं. म्हणून आम्ही ओलसर भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधतो. गिअरबॉक्स बाहेरून धुऊन कोरडा करतो, चक्कर मारून आणतो आणि पुन्हा लिफ्टवर बघतो. गळती बारीक असेल तर ऑइलमध्ये चमकणारा रंग टाकून दोन-तीन दिवसांनी यूव्ही लाइटखाली तपासतो. कृपया येण्याआधी गाडी खालून धुऊन आणू नका, आम्हाला लागणाऱ्या खुणाच त्यात निघून जातात.

सापडणाऱ्या जागा बऱ्याचदा साध्या असतात: पॅनचं (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ट्रेचं) गॅस्केट, ड्रेन प्लगचा वॉशर, ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील, कूलरचा पाइप. पाइपची गळती इंजिन चालू असताना, दाबाखाली, जास्त दिसते. उंच स्पीडब्रेकरवर पॅन घासला असेल तर तेही सांगा. पॅनचे बोल्ट गळती थांबावी म्हणून जास्त आवळले, तर पॅनची कड वाकते आणि गळती वाढते.

गाडी काही दिवस उभी राहिली तरच डाग पडतो? मग टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) ऑइल पॅनमध्ये उतरून पातळी वर चढते आणि गिअर लिव्हरच्या शाफ्टच्या सीलसारख्या वरच्या जागेतून झिरपतं. दर सर्व्हिसला न मोजता टॉप-अप केल्यानेही जास्त झालेलं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्याच्या छिद्रातून, बाहेर येतं. तिथे सील बदलून उपयोग नाही.

सगळ्यात खर्चिक जागा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा जोड. तिथे टॉर्क कन्व्हर्टरचं सील गळतं किंवा इंजिनच्या क्रँकशाफ्टचं मागचं सील. दोन्हींसाठी बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून कोणतं ऑइल आहे हे पक्कं केल्याशिवाय आम्ही बोल्टला हात लावत नाही. गळती थांबवण्याच्या बाटल्या आम्ही वापरत नाही. सील फुगवून त्या थोडे दिवस काम भागवतात, पण झिजलेलं सील बदलावंच लागतं.

डी मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा उचलते किंवा आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर ऑइल फार कमी झालं असावं. कात्रज किंवा खंबाटकी घाटात असं झालं तर पुढे रेटू नका. सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. गाडी पट्टा लावून ओढू नका, चारही चाकं उचलणारी फ्लॅटबेड मागवा. रेडिएटरच्या टाकीत कूलंट गुलाबी दुधासारखा दिसला तर ऑइल आणि कूलंट मिसळले आहेत, तेव्हा इंजिन पुन्हा सुरूच करू नका. टाकीचं झाकण मात्र इंजिन गार झाल्यावरच उघडा.

येताना मागच्या सर्व्हिसचं बिल आणि पुठ्ठ्याचा फोटो आणा. सापडलेल्या जागेचे फोटो आणि खर्चाचा अंदाज दिल्यावर, तुमचा होकार आला की मगच काम सुरू होईल.