जुन्या जनगणनांवरून कुलशोध (इंग्लंड व वेल्स)

इंग्लंड व वेल्समध्ये 1801 पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली. मात्र देशभरातील माणसांची नावानिशी नोंद 1841 पासूनच मिळते. ही पाने शंभर वर्षे गोपनीय राहतात, म्हणून सध्या 1921 पर्यंतच्याच प्रतिमा संगणकावर उघडता येतात. 1931 ची कागदपत्रे 1942 मध्ये आगीत नष्ट झाली आणि महायुद्धामुळे 1941 ची जनगणना झालीच नाही.

1901 पर्यंतच्या प्रतिमांत दिसते ते कुटुंबाने भरलेले पत्रक नव्हे, तर प्रगणकाने त्यावरून वहीत उतरवलेली नक्कल. शोधसूची ही त्या नकलेची नक्कल. त्यामुळे नाव सापडले नाही, तरी माणूस पानावर असू शकतो. जुन्या वळणात एल, एस आणि टी ही मोठी अक्षरे सहज एकमेकांसारखी दिसतात. जोड एसमधला पहिला एस एफसारखा भासतो. अशा वेळी आडनाव गाळावे. पहिले नाव, जन्मस्थळ आणि जन्मवर्ष पाच वर्षे मागेपुढे धरून शोधावे. घरातल्या एखाद्या मुलाचे नाव दुर्मीळ असेल, तर तेच आधी टाकावे.

1841 च्या नोंदी जपून वाचाव्या लागतात. पंधरावरील वये बहुधा पाचच्या पटीत खाली आणलेली असतात, म्हणजे 39 चे 35. कुटुंबप्रमुखाशी नाते दिलेलेच नाही. एका घरातले स्त्री-पुरुष नवरा-बायको असतील किंवा भावंडेही. नाते आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला परिसर) 1851 पासून येतात. तेव्हाही ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावईच असे नाही, सावत्र मुलगाही असू शकतो.

जन्मवर्ष काढताना सरळ वजाबाकी फसवते. 30 मार्च 1851 च्या रात्री वीस वर्षांचा असलेला माणूस 1831 पेक्षा 1830 मध्ये जन्मलेला असण्याचा संभव अधिक.

1911 ची पत्रके सर्वांत मोलाची, कारण ती सहसा घरातल्याच कुणाच्या अक्षरात आहेत. विवाहितेच्या नावापुढे लग्नाची वर्षे, जिवंत जन्मलेली, हयात आणि मृत मुले असे आकडे असतात. दोन जनगणनांच्या मध्ये जन्मून गेलेल्या मुलांचा माग बहुधा इथूनच लागतो. विधुर-विधवांनी गरज नसताना भरलेले आकडे कारकुनांनी खोडले आहेत, खोडाखोडीखालचेही वाचावे.

प्रतिमेवरील एक तिरकी रेघ त्याच इमारतीतले पुढचे कुटुंब दाखवते, दोन रेघा इमारत संपल्याचे. पानाअखेरीस कुटुंब तुटते, तेव्हा पुढची प्रतिमाही उघडावी. टिपणात मालिका (1861 साठी आर.जी. 9), खंड, फोलिओ (वहीतला दोन बाजूंचा एक कागद) आणि पृष्ठ असे चारही क्रमांक लिहावेत. फोलिओचा शिक्का पानाच्या दर्शनी बाजूवरच असतो. मागच्या बाजूलाही तोच क्रमांक लागू होतो.