कम्युनिटी फाउंडेशन आणि कम्युनिटी कॉलेजचे फाउंडेशन: डेंटल हायजीनच्या विद्यार्थ्यांनी कोणाचे दार कधी ठोठवावे

अमेरिकेत डेंटल हायजीनला, म्हणजे दातांची स्वच्छता आणि निगा राखण्याच्या व्यवसायाच्या अभ्यासक्रमाला, जाणाऱ्या मुलामुलींना, आणि भारतात बीडीएस करून इथे आल्यावर याच अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्या मराठी दंतवैद्यांनाही, ‘आधी स्थानिक शिष्यवृत्त्या शोधा’ हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला योग्य आहे. मात्र स्थानिक म्हणजे नेमके कुठले, याचा खुलासा कोणी करत नाही. न्यू जर्सीतील मराठी घरांतून मी हा घोळ इतक्या वेळा ऐकला आहे की, आता तो एकदाचा लिहूनच निस्तरावा असे वाटते.

घोळाचे मूळ नावांत आहे. एक असते कम्युनिटी फाउंडेशन आणि दुसरे कम्युनिटी कॉलेजचे, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजचे, फाउंडेशन. मधला ‘कॉलेज’ हा शब्द बोलताना गळतो आणि ऐकणारा भलत्याच संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन ‘आपण पात्र नाही’ असे समजून परत येतो.

कॉलेजचे फाउंडेशन बहुतेकांच्या परिचयाचे असते. ती कॉलेजसाठी निधी उभारणारी धर्मादाय संस्था असते, तिचे अर्ज कॉलेजच्याच पोर्टलवर भरले जातात आणि मिळालेली रक्कम परस्पर फीच्या खात्यात जमा होते. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

कम्युनिटी फाउंडेशन ही कल्पना निराळी आहे. तिची सुरुवात १९१४ मध्ये क्लीव्हलंड येथे फ्रेडरिक गॉफ या बँकरने केली. लोकांनी मृत्युपत्राने ठेवलेला पैसा कालांतराने निरर्थक झालेल्या अटींत अडकून पडू नये, तो एकत्र ठेवून त्या त्या गावाच्या चालू गरजांसाठी वापरता यावा, हा त्यामागचा विचार होता. अशा संस्थेच्या छत्राखाली अनेक लहानमोठे निधी नांदतात: कोणी आईच्या स्मरणार्थ ठेवलेला, कोणी आपल्या जुन्या शाळेतील मुलांसाठी ठेवलेला, कोणी आरोग्यसेवेच्या शिक्षणासाठी ठेवलेला. प्रत्येक निधीच्या अटी वेगळ्या असतात. म्हणूनच नावात ‘डेंटल हायजीन’ असलेलीच शिष्यवृत्ती शोधणे हा माझ्या मते वेळेचा अपव्यय आहे. ‘आरोग्यसेवा’, ‘दोन वर्षांची पदवी’, ‘अमुक हायस्कूल’ अशा अटींखाली हायजीनचा विद्यार्थी सहज बसतो आणि तिथे स्पर्धाही तुलनेने कमी असण्याची शक्यता असते.

आता खरा फरक. कम्युनिटी फाउंडेशनच्या लेखी स्थानिक म्हणजे तुमचा कायमचा पत्ता किंवा तुमचे हायस्कूल. कॉलेजच्या फाउंडेशनच्या लेखी स्थानिक म्हणजे तुमचे नाव पटावर असणे. इतर अभ्यासक्रमांत हा फरक बहुधा जाणवत नाही, कारण मुले आपल्याच काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) कॉलेजात जातात आणि दोन्ही अर्थ एकाच जागी येऊन मिळतात. डेंटल हायजीनचा अभ्यासक्रम मात्र प्रत्येक काउंटीत नसतो, आणि ज्या कॉलेजात असतो तिथेही जागा मोजक्याच असतात, त्यामुळे विद्यार्थ्याला काउंटीची हद्द ओलांडावी लागते. समजा, एक मुलगी सॉमरसेट काउंटीतील ब्रिजवॉटरला राहते, तिथल्याच हायस्कूलमध्ये शिकली आहे आणि हायजीनसाठी शेजारच्या मिडलसेक्स काउंटीत, एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात जाणार आहे. तिच्या घरी दोन चुका एकाच वेळी होतात. ‘कॉलेज मिडलसेक्समध्ये आहे’ म्हणून मिडलसेक्सच्या रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या निधींकडे अर्ज जातात आणि ते पहिल्याच चाळणीत बाद होतात; ‘आपण त्या काउंटीचे नाही’ म्हणून कॉलेजच्या फाउंडेशनकडे अर्ज केलाच जात नाही, जिथे तिचा पत्ता बहुतेक वेळा विचारलाही गेला नसता. वास्तविक तिने राहत्या काउंटीतील निधींकडे पत्त्याच्या जोरावर आणि कॉलेजच्या फाउंडेशनकडे पटावरील नावाच्या जोरावर, असे दोन्हीकडे अर्ज करायला हवेत. (काउंटीबाहेरच्या वाढीव फीसाठी न्यू जर्सीत चार्जबॅकची, म्हणजे राहत्या काउंटीने त्या वाढीव फीचा भार उचलण्याची, सोय आहे, ती शिष्यवृत्ती नव्हे आणि तिची कागदपत्रे वेगळी असतात.)

पटावरील नावातही एक मेख आहे. हायजीनचे विद्यार्थी आधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, रसायनशास्त्र असे पूर्वविषय पूर्ण करतात आणि त्यानंतर मुख्य अभ्यासक्रमासाठी स्वतंत्र अर्ज करतात. पूर्वविषय शिकत असलेला विद्यार्थी कॉलेजचा असतो, परंतु हायजीनचा नसतो. कॉलेजच्या फाउंडेशनकडे हायजीनसाठी राखीव निधी असला, तर तो बहुधा मुख्य अभ्यासक्रमात प्रवेश मिळालेल्यांसाठीच असतो, आणि प्रवेशाचे पत्र अनेकदा शिष्यवृत्तीची मुदत उलटून गेल्यावर हाती पडते. कम्युनिटी फाउंडेशनच्या बहुतेक निधींना ‘पुढील वर्षी काय शिकणार आहात’ एवढे उत्तर पुरते. म्हणून माझा आग्रह असा की, पहिल्या वर्षी भर कम्युनिटी फाउंडेशनवर द्यावा, कॉलेजकडे तोवर सर्वसाधारण निधीसाठी अर्ज करावा, आणि हायजीनच्या राखीव निधीचा विचार प्रवेशपत्र आल्यावर, प्रसंगी दुसऱ्या वर्षासाठी करावा.

बीडीएस झालेल्यांसाठी मात्र हाच क्रम मी उलटा सांगेन. त्यांचे हायस्कूल नाशिकला किंवा सांगलीला झालेले असल्यामुळे कम्युनिटी फाउंडेशनच्या शाळांशी बांधलेल्या निधींचा त्यांना उपयोग नाही. प्रौढ विद्यार्थ्यांसाठीचे निधी तेवढे उरतात. त्यातच ग्रीन कार्ड असले तरी पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना संघराज्य सरकारकडून मिळणारे, परत न करावे लागणारे अनुदान), जिची कमाल मर्यादा २०२४–२५ मध्ये ७,३९५ डॉलर होती, त्यांना मिळत नाही, कारण ती आधी बॅचलर पदवी नसलेल्यांसाठीच आहे आणि परदेशातील पदवीही त्यात धरली जाते. एच-४ (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याचा) व्हिसावर असलेल्यांना संघराज्य सरकारचे साहाय्य मुळातच बंद आहे. अशा वेळी कॉलेजचे फाउंडेशन हाच पहिला आधार असतो, मात्र अर्जातील नागरिकत्वाची अट सर्वांत आधी वाचावी. बीडीएसची पदवी लपवण्याचा सल्ला काही शहाणे देतात. तो मुळीच ऐकू नये.

पैसा कोणत्या वाटेने येतो हा फरक किरकोळ वाटतो, पण एका बाबतीत तो महाग पडतो. कम्युनिटी फाउंडेशनचा धनादेश बहुधा कॉलेजच्या नावे निघतो आणि कॉलेजच्या दृष्टीने ती ‘बाहेरची शिष्यवृत्ती’ ठरते. गरजेवर आधारित इतर साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्याने ती कॉलेजला कळवणे आवश्यक असते, आणि त्यानंतर काही कॉलेजे तेवढ्याच रकमेने स्वतःचे अनुदान कमी करतात. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक कॉलेजांतील या प्रथेवर कायद्याने निर्बंध घातले. जिथे असा कायदा लागू नाही, तिथे विद्यार्थ्यानेच अर्थसाहाय्य कार्यालयात जाऊन ‘अनुदानाऐवजी माझे कर्ज कमी करा’ अशी विनंती करावी, तीही लेखी.

हायजीनच्या विद्यार्थ्याला फीइतकीच धास्ती उपकरणांच्या संचाची असते. त्यामुळे शिष्यवृत्तीची रक्कम उपकरणांसाठी वापरता येईल का, हे अर्ज करतानाच फाउंडेशनला विचारून घ्यावे. पदवीसाठी शिकणाऱ्याची शिष्यवृत्ती फी, पुस्तके आणि अभ्यासक्रमातील प्रत्येकाला सक्तीची असलेली उपकरणे यांवर खर्च झाली, तर तिच्यावर संघराज्याचा प्राप्तिकर लागत नाही; घरभाडे आणि जेवणखाण यांवर खर्च झाली, तर लागतो. म्हणून उपकरणांच्या पावत्या आणि ती सक्तीची असल्याचे दाखवणारी कॉलेजची यादी एकाच फाइलमध्ये ठेवावी.