ढोबळी मिरचीच्या पोटात काय काय शिरलं

मंडईत तिला 'ढोबळी' म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडून पुण्यात आलेली शेजारीण 'ढबू' म्हणते, मुंबईची मावशी 'भोपळी', आणि हॉटेलच्या मेन्यूकार्डावर ती 'सिमला मिर्च' नाहीतर सरळ 'कॅप्सिकम' होऊन बसते. एका भाजीला इतकी नावं असली की ती उशिरा आलेली आहे, असं ढोबळमानानं (शब्द आपसूक आला) धरायला हरकत नाही. वांग्याला सगळा महाराष्ट्र वांगंच म्हणतो.

ही नावं नीट पाहिली तर प्रत्येकात एक जुनी ओळखीची वस्तू सापडते. भोपळ्यासारखी म्हणून भोपळी. ढबू पैसा म्हणजे जुना, जाडजूड तांब्याचा पैसा; तशी जाड म्हणून ढबू. तमिळमध्ये ती 'कुडैमिळगाय', म्हणजे छत्रीमिरची. तेलुगूत 'बंगळूर मिरपकाय', कारण तिकडे ती बंगळूरहून आली, जशी आपल्याकडे सिमल्याहून. नवखा पाहुणा दारात आला की आधी घरातल्या कोणासारखा दिसतो ते पाहायचं, ही आपली जुनी सवय. 'मिरची' हा शब्दही तसाच घडला. संस्कृत मरीच, त्याची मराठी मिरी, आणि मिऱ्यासारखी झोंबते म्हणून मिरची. शेंगदाणा आला तेव्हा त्याला आपण भुईतला मूग ठरवलं. 'भरली ढोबळी मिरची' या पदार्थाचा इतिहासही याच वळणाचा आहे. मिरची नवी, तिला घातलेला साचा मात्र जुना.

तो साचा वांग्याचा. वांगं इकडचंच, या उपखंडात कितीतरी शतकं पिकणारं. देठ न तोडता चार चिरा द्यायच्या, पोटात मसाला भरायचा आणि तेलावर परतून रस्सा करायचा, ही पद्धत मराठी स्वयंपाकघराच्या इतकी हाताखालची आहे की भाजी दिसली की भरावीशी वाटते: कारली, तोंडली, भेंडी, कोकणात केळी, मासे खाणाऱ्यांकडे पापलेट. सारणही ठरलेलं. तीळ, सुकं खोबरं, कारळे, धने-जिरे, चिंच-गूळ आणि पुण्यात गोडा मसाला. दाण्याचं कूट आज या सारणाचं कुलदैवत झालं असलं तरी ते फार नंतर आलं.

मिरचीही नंतरचीच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे ११३० च्या आसपास, राजाच्या जेवणाची मोठी तपशीलवार वर्णनं आहेत. त्यात तिखटपणा आहे तो मिऱ्याचा आणि आल्याचा. वासाला हिंग आहे. मिरची असणं शक्यच नव्हतं, कारण ती तेव्हा समुद्रापलीकडे होती. आज ज्याला आपण मेक्सिको म्हणतो त्या भागात तिची लागवड हजारो वर्षं चालू होती. कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोहोचला तो मिऱ्याच्या शोधात, आणि जे तिखट हाती लागलं त्याला त्यानं मिऱ्याचंच नाव देऊन टाकलं. चूक त्याचीही तीच, आपलीही तीच. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि तिथून मिरची घाटावर चढली. मुंबईकडे एकेकाळी तिला 'गोवाई मिरची' म्हणत असत.

ही झाली तिखट मिरची. तिला भरायलाही आपण फार वेळ लावला नाही. सांडगी मिरची आठवा: जाडसर मिरचीला उभी चीर, आत मेथी, धने, हिंग, मीठ यांचं सारण, वर ताकाचा हात, आणि मग उन्हात खडखडीत वाळवून डब्यात. दहीभाताबरोबर तळलेली एक पुरते. भरल्या ढोबळीचं मूळ शोधताना सगळे वांग्यापाशी थांबतात, पण मला ही गच्चीवरची सांडगी मिरची तिची सख्खी आत्या वाटते. मिरचीचं पोट भरता येतं, ही अक्कल तिथं आधीच आलेली होती.

बिनतिखट मिरचीची गोष्ट वेगळी आणि खरं सांगायचं तर जास्त मजेशीर. १६९९ साली लंडनमध्ये छापलेल्या एका प्रवासवर्णनात लायोनेल वेफर नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्यानं पनामातल्या लोकांकडच्या दोन मिरच्यांची नोंद केली आहे: एक घंटेच्या नावाची, दुसरी पक्ष्यांच्या नावाची. हा वेफर चाच्यांच्या टोळीबरोबर फिरत होता. म्हणजे घंटेसारख्या फुगीर मिरचीचं 'बेल पेपर' हे इंग्रजी नाव एका चाच्यांच्या वैद्याच्या वहीत सापडतं. शास्त्रीय नावाबद्दल दोन मतं आहेत. 'कॅप्सिकम' हा शब्द चावणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला म्हणावा, की डबी या अर्थाच्या लॅटिन 'कॅप्सा'वरून? भरणाऱ्यांनी अर्थातच डबीच्या बाजूनं मत द्यावं.

ती चावत का नाही याचं कारण एका जनुकात आहे. मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरांत कॅप्सेसिन तयार होतं, तोच तिखटपणा. ढोबळीत ते बनवणारं जनुक तुटलेलं आहे. विल्बर स्कोव्हिलनं १९१२ मध्ये तिखट मोजायची जी पट्टी काढली तिच्यावर ढोबळी शून्यावर बसते. हा दोष अप्रभावी प्रकारचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. त्यामुळे ढोबळीच्या शेजारी लवंगी लावली आणि मधमाशीनं परागांची अदलाबदल केली, तरी त्या वर्षीची ढोबळी गोडच राहते. मात्र तिचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाड तिखट निघू शकतं. परसात घरचं बी लावणाऱ्यांना 'ढोबळी फसली' असा जो अनुभव येतो तो हा.

आणि एक, जो सांगितल्याशिवाय राहवत नाही. खाली तीन उंचवटे असलेली नर, चार असलेली मादी, एक शिजवायला आणि दुसरी कच्ची खायला, असा एक निरोप दर सहा महिन्यांनी मोबाइलवर येतो. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. फळाला लिंग नसतं. भरणाऱ्यानं चार उंचवट्यांची उचलावी, पण कारण साधं आहे: ती कढईत सरळ उभी राहते.

उभी राहणारी ही चौकोनी, जाड सालीची मिरची मुद्दाम निवडून काढलेली आहे. अमेरिकेत १९२८ मध्ये 'कॅलिफोर्निया वंडर' नावाचं वाण बाजारात आलं आणि नंतर भारतातही तेच पसरलं. हिमाचलात कुलू खोऱ्यातल्या कतराईन केंद्रानं ज्या वाणांची शिफारस केली त्यांत ते होतं. ढोबळीला रात्री गार लागतात. पारा पस्तिशीच्या वर गेला की ती फुलं गाळते. सिमला १८६४ मध्ये इंग्रजांची उन्हाळी राजधानी झाला, त्यांच्या बंगल्यांभोवती त्यांच्या भाज्या आल्या, आणि मैदानात उन्हाळ्यात जी मिरची पिकत नाही ती डोंगरातून खाली येऊ लागली. 'सिमला' हे आडनाव तिला असं चिकटलं.

पुण्यात या सगळ्याची पायवाट कॅम्पातून आली. पेशवाई १८१८ मध्ये संपली, लष्कराची छावणी पडली आणि छावणीच्या जेवणासाठी 'इंग्रजी भाज्या' लागू लागल्या: कोबी, फ्लॉवर, नवलकोल, बीट. खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं आणि मुठेच्या कालव्याचं पाणी हडपसरच्या बाजूच्या मळ्यांना मिळालं. तोवर पुण्याची मंडई शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरत होती. १८८६ मध्ये ती अष्टकोनी मनोऱ्याच्या नव्या इमारतीत गेली, नाव 'रे मार्केट'. नगरपालिकेत असताना या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, हे पैसे शिक्षणावर घाला म्हणून. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पुण्याच्या इतिहासात असे चिमटे बरेच आहेत.

पेठांतल्या स्वयंपाकघरात इंग्रजी भाजी शिरायला मात्र वेळ लागतो. शिरतानाही ती आपल्या अटींवर घेतली जाते. ढोबळीला पहिली अट घातली गेली ती 'पीठ पेरून'ची: मिरचीचे तुकडे, हिंग-मोहरीची फोडणी, वरून डाळीचं पीठ भुरभुरवायचं आणि झाकण ठेवून वाफ काढायची. पुणेरी डब्यातली ही भाजी कोणाला आवडते, कोणाला नाही, पण तिच्यामागचं गणित पक्कं आहे. ढोबळीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. गरम झाली की ती ते सोडते आणि पीठ ते पिऊन शिजतं. भरल्या मिरचीचं पुण्यातलं जुनं सारणही हेच पीठ: तेलावर खमंग भाजायचं, त्यात दाण्याचं कूट, खोबरं, तीळ, गोडा मसाला, चिमूटभर साखर. पीठ आधी भाजून घेतलेलं असेल तरच. कच्चं भरलं तर साल जळते आणि पोटात लगदा राहतो. आमच्या घरात एका दिवाळीला हा लगदा पाहुण्यांपुढे गेला होता, त्याचं नाव अजून निघतं.

वांग्याचा साचा इथं थोडा मोडावा लागला. वांगं स्पंजासारखं, तेल आणि रस्सा दोन्ही शोषतं. मसाला चिरांतून गरात मुरतो. ढोबळीची साल मेणचट. बाहेरचं मीठ आत जात नाही, रस्सा आत जात नाही. म्हणून ज्यांनी भरली ढोबळी रश्शात केली त्यांच्या ताटात मिरची एकीकडे आणि रस्सा दुसरीकडे, अशी पंगत झाली. मग मराठी बायकांनी रस्सा सोडला, चार चिरांऐवजी देठाकडची टोपी कापली, आतून मीठ चोळलं, आणि जाड बुडाच्या कढईवर झाकणात पाणी ठेवून मंद वाफेवर शिजवली. कोणी पुस्तकात लिहिण्याआधी हा बदल हातांनी केला.

सारणात बटाटा आला तो बटाटेवड्याच्या भाजीच्या रूपात, आणि लग्नाच्या जेवणापासून खानावळीपर्यंत तोच सगळीकडे पसरला. हाही पाहुणाच, नाव पोर्तुगीजांकडून घेतलेलं. आता ताटात पाहा: ढोबळी अमेरिकेची, बटाटा अमेरिकेचा, दाण्याचं कूट अमेरिकेचं, लाल तिखट अमेरिकेचं. काजू घातले तर तेही ब्राझीलचे, मका घातला तर मेक्सिकोचा. आपल्याकडे आधीपासूनचे म्हणून तीळ, हळद, धने-जिरे आणि डाळीचं पीठ उरलं. तरी चव इतकी घरची, की नातवंडांना ती आजीची भाजी वाटते.

उपासाचा नियम त्याहून गमतीचा. हिरवी मिरची उपासाला चालते, बटाटा चालतो, दाणे चालतात. ढोबळी चालत नाही. या घरात तरी कोणी कारण दिलेलं नाही.

जगात इतरत्रही हेच घडलं आहे. तुर्कांकडे 'दोल्मा', म्हणजेच भरलेलं, आधीपासून होतंच: द्राक्षाच्या पानात, कांद्यात, वांग्यात. मिरची आल्यावर ती त्याच रांगेत बसली, पोटात भात आणि खिमा घेऊन. उस्मानी राज्यातून ती बाल्कनात आणि हंगेरीत गेली. तिकडे ती टोमॅटोच्या पातळ रश्शात शिजते. याच हंगेरीतल्या सेगेद गावात १९३० नंतर आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी मिरचीतून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं केलं, आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मेक्सिकोत, म्हणजे तिच्या माहेरी, पुएब्ला शहरातली हिरवी मिरची खिमा आणि फळांनी भरून वर अक्रोडाची पांढरी चटणी आणि डाळिंबाचे दाणे घालतात. हिरवा, पांढरा, लाल, हा त्यांचा झेंडा. पुण्यात खिमा भरलेली ढोबळी कॅम्पातल्या घरांत भेटते. आमच्या पेठेत तिच्याबद्दल हळू आवाजात बोलायची पद्धत होती, आता उरली नाही.

ढोबळी बारा महिने दिसू लागली ती संकरित बियाण्यामुळे. बंगळूरच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्सनं १९७३ मध्ये 'भारत' हे संकरित वाण आणलं. देशात विक्रीला आलेल्या पहिल्या संकरित भाज्यांत ते होतं. मग शेडनेट आणि पॉलीहाऊस आले. लाल-पिवळी मिरची ही वेगळी जात असल्याचं अनेकांना वाटतं, पण हिरवी म्हणजे कच्ची आणि रंगीत म्हणजे झाडावर पिकू दिलेली. पिकायला आणखी काही आठवडे लागतात, तेवढे दिवस तिला ऊन, किडी आणि पावसापासून जपावं लागतं, म्हणून महाग. रंगीत मिरचीनं सारणंही बदलली: पनीर, स्वीट कॉर्न, चीज, शिळा पुलाव, आणि कढईच्या जागी ओव्हन. यातलं पनीरचं सारण मला अजून पटलेलं नाही. पनीर पाणी शोषत नाही, मिरची पाणी सोडते, आणि ताटलीत तळं साचतं. ज्यांना हवंच आहे त्यांनी पनीरमध्ये दोन चमचे भाजलेलं डाळीचं पीठ घालावं.

मंडईत 'भरायची आहे' एवढं सांगितलं की मावशी ढिगातून मोठ्या मिरच्या बाजूला सारतात आणि मुठीत मावतील अशा, पाठीवर सुरकुती नसलेल्या हिरव्या वेचून तागडीत टाकतात. लाल-पिवळ्यांकडे बोट दाखवलं तर म्हणतात, "त्या सॅलडच्या. भरायला ही न्या, हिला बूड आहे."