एसटीएल फाइलला चेहरा का नव्हता?

फोटोंचा फोल्डर उघडला की चिमुकली चित्रं, म्हणजे थंबनेलं, दिसतात. त्रिमित छपाईच्या मॉडेलांचा फोल्डर उघडला की अनेक संगणकांवर आजही एकाच साच्यातले आयकॉन रांगेत बसलेले दिसतात. खाली नावं: ब्रॅकेट_नवा, ब्रॅकेट_नवा_2, ब्रॅकेट_फायनल, ब्रॅकेट_फायनल_खरा. यातला हवा तो कोणता, हे एकेक फाइल स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे छपाईसाठी थर पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून बघेपर्यंत कळत नाही. दोष संगणकाचा वाटतो, पण गोष्ट सुरू होते ती 1980 च्या दशकात.

चक हल यांनी प्रकाशाने राळ घट्ट करत थरावर थर रचण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी 1984 मध्ये अर्ज केला. 1986 मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी थ्रीडी सिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधला आकार यंत्रापर्यंत पोहोचवायला काहीतरी भाषा हवी होती. ती 1987 मध्ये अल्बर्ट कन्सल्टिंग ग्रुपने तयार करून दिली. तीच एसटीएल.

ही भाषा कमालीची साधी आहे. बायनरी फाइलमध्ये आधी 80 बाइटचं हेडर, म्हणजे सुरुवातीचा मथळा, मग 4 बाइटमध्ये त्रिकोणांची संख्या आणि त्यानंतर नुसते त्रिकोण. प्रत्येक त्रिकोणाला 50 बाइट: तीन कोपरे आणि पृष्ठभागाची दिशा यांचे मिळून बारा आकडे, वर 2 बाइट शिल्लक. शेजारच्या त्रिकोणांचा कोपरा सामायिक असला तरी तो दरवेळी नव्याने लिहायचा. त्रिकोणांच्या बंद जाळीत एकच कोपरा सरासरी सहा वेळा लिहिला जातो. आकडे मिलिमीटरमध्ये आहेत की इंचांत, याचा उल्लेखही नाही. त्या शिल्लक 2 बाइटांत काही सॉफ्टवेअरनी पुढे रंग कोंबला, पण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. चित्रासाठी जागा ठेवायचं कुणाच्या मनात आलं नाही आणि यायचं कारणही नव्हतं. फाइल डिझायनरकडून निघे आणि यंत्रात जाई. वाटेत तिच्याकडे बघत बसणारं कुणी नव्हतं.

बघणारे नंतर आले. 2005 मध्ये एड्रियन बोयर यांनी घरी बांधता येणाऱ्या मुक्त थ्रीडी प्रिंटरचा रेपरॅप प्रकल्प सुरू केला, 2008 मध्ये थिंगिव्हर्स या संकेतस्थळावर लोक मॉडेल वाटू लागले आणि 2009 मध्ये वितळलेल्या प्लास्टिकच्या छपाईचं मूळ पेटंट संपलं. छपाई घरच्या टेबलावर आली. डाउनलोड फुकट असल्यावर फोल्डर फुगायला कितीसा वेळ लागतो?

तोवर डेस्कटॉपवर थंबनेलची व्यवस्था बसलेली होती, पण फोटोंसाठी. विंडोज एक्सपी प्रत्येक फोल्डरमध्ये थंब्ज डॉट डीबी नावाची लपलेली फाइल ठेवायची. व्हिस्टाने हा साठा एका ठिकाणी हलवला आणि बाहेरच्या प्रोग्रॅमना थंबनेल पुरवण्यासाठी नवी सोय दिली. मॅकवर 2007 च्या लेपर्ड आवृत्तीबरोबर क्विक लूक, म्हणजे फाइल न उघडता आत डोकावायची सोय, आली. लिनक्सवर फ्रीडेस्कटॉप या सामायिक मानकं ठरवणाऱ्या प्रकल्पाचा करार ठरला: चित्र पीएनजीमध्ये, लहान 128 आणि मोठं 256 पिक्सेलचं, नाव म्हणजे फाइलच्या पत्त्यावरून काढलेला एमडी5 हा ठरावीक लांबीचा सांकेतिक आकडा. तिन्हीकडे तत्त्व एकच. फाइल मॅनेजर स्वतः काही जाणत नाही. या प्रकारच्या फाइलचं चित्र कोण काढून देईल, एवढंच तो विचारतो. एसटीएलच्या बाबतीत बराच काळ पुढे येणारं कुणी नव्हतं.

मुळात कामच वेगळं आहे. कॅमेऱ्यांच्या एक्झिफ मानकाने 1995 पासून छोटं चित्र फोटोच्या पोटातच ठेवायची सोय केली होती, त्यामुळे वाचणाऱ्याला ते उचलून दाखवलं की झालं. एसटीएलमध्ये उचलण्यासारखं काही नाही. दहा लाख त्रिकोणांची फाइल म्हणजे 5 कोटी बाइट. ते सगळे वाचा, आकाराच्या सीमा शोधा, कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवा, उजेड पाडा आणि मग 256 बाय 256 चौकटीत, म्हणजे 65,536 ठिपक्यांत, ते सगळं बसवा. ठिपक्यांपेक्षा त्रिकोण पंधरा पट! त्यात वरची दिशा कोणती यावरही एकमत नाही. छपाईवाले झेड अक्ष वर धरतात, ॲनिमेशनवाले बहुधा वाय. म्हणून कुठल्यातरी थंबनेलमध्ये उभा पुतळा आडवा पडलेला दिसतो.

शिवाय धोका. थंबनेल काढणारा कोड तुम्ही फाइल न उघडताच चालतो, नुसता फोल्डर बघितला तरी. विंडोजच्या थंबनेल हाताळणीतली अशीच एक फट फेब्रुवारी 2011 मध्ये बुजवावी लागली. 2017 मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या एका पूरक थंबनेलरमधून (थंबनेल काढणाऱ्या प्रोग्रॅममधून) परका कोड चालवता येतो असं उघड झालं आणि त्याच वर्षी ग्नोमने थंबनेलरना वेगळ्या बंदिस्त कप्प्यात कोंडलं. सुरक्षेसाठी हे योग्यच. पण अशा कुंपणांचा फटका हौशी लोकांनी लिहिलेल्या जोडण्यांना आधी बसतो. मॅकवरही क्विक लूकच्या जुन्या पद्धतीच्या जोडण्या 2024 च्या सेक्वोया आवृत्तीमध्ये चालेनाशा झाल्या.

तरीही पोकळी भरली ती बरीचशी हौशी हातांनीच. रस्ट भाषेत लिहिलेलं एसटीएल-थंब हे मुक्त साधन लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतं. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये पॉवरटॉइज हा विंडोजसाठीचा जोडसाधनांचा संच पुन्हा जिवंत केला आणि पुढे त्यात एसटीएलची थंबनेलं घातली. मॉडेलचा रंगही निवडता येतो. विंडोजच्या गाभ्यात नव्हे, वेगळ्या बसवायच्या साधनात, हे मला जरा बोलकं वाटतं.

दुसरी वाट एक्झिफवाल्यांची. 2015 मध्ये थ्रीएमएफ हे स्वरूप आलं. ते प्रत्यक्षात झिप पाकीट असतं: आत जाळी, मोजमापाचं एकक, रंग आणि हवं तर थंबनेलची तयार फाइल. जी-कोडमध्ये, म्हणजे स्लायसर प्रिंटरला देतो त्या हुकमांच्या फाइलमध्ये, तर गंमतच झाली. अर्धविरामापासून पुढचा मजकूर यंत्र टिप्पणी समजून सोडून देतं, याचा फायदा घेऊन प्रुसास्लायसर या स्लायसरने बेस64 मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, बदललेलं चित्र त्या टिप्पण्यांतच लपवलं. प्रिंटरचा पडदा ते दाखवतो आणि पॉवरटॉइजही तेच उचलतं.

पाकिटातलं चित्र झटकन दिसतं, फक्त ते विश्वासावर घ्यावं लागतं. आतली जाळी आणि वरचं चित्र जुळतात की नाही, हे थ्रीएमएफचा कोणताच नियम तपासत नाही. एसटीएलचं थंबनेल काढायला पंखा गरगरतो खरा, पण ते त्या त्रिकोणांचंच असतं.